साताऱ्याची तरवार आणि तिचा घडविणारा

साताऱ्यास जलमंदिर वाड्यांत छत्रपतींच्या घराण्याच्या पूजेंत असलेल्या तरवारीविषयीं दोन प्रश्न संभवतात. ती कोणाची, हा एक. आणि ती कोणीं घडविली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. भवानी ती हीच, कीं कोल्हापूरकरांकडून विलायतेस गेली ती, कीं आणखी तिसरी एखादी, हा वाद मिटलेला नाहीं, व प्रस्तुत लेखांत तो मिटविण्याचा विचारहि नाहीं. दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट उलट आहे. त्याजवर वाद असा झालाच नाहीं. कारण त्याचें उत्तर एका ओळींत तयार मिळालें आणि बहुतेकांनीं तें स्वीकारलें. तें उत्तर म्हणजे, पातें जिनोव्याचें. आमच्या मतें हें उत्तरच नव्हे. शिवाय त्याचा उपयोग पहिल्या वादांत पुरावा म्हणून होत असल्यामुळें त्याची छाननी करणें अवश्य आहे.

हें मत आपल्याकडे रूढ झालें तें ग्रँट डफच्या ग्रंथावरून. कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा इ. स. १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता. प्रतापसिंह महाराजांच्या राज्याची घडी त्याच्याच देखरेखीखालीं बसली, व राजवाड्यांतील कागदपत्र आणि वस्तु त्यास मोकळेपणानें पाहावयास मिळाल्या. त्याचा मराठ्यांचा इतिहास इ. स. १८२६ सालीं तीन खंडांत बाहेर पडला. शिवाजी महाराजांची भवानी तरवार साताऱ्याच्या राजाकडे असून तिची देवतेप्रमाणें पूजा होते, व तिचें पातें उत्तम प्रतीचें जिनोवी आहे, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. औरंगजेबाच्या छावणींत शाहूराजांचें लग्न झालें तेव्हां बादशहानें ही तरवार व अफजलखानाची तरवार त्यांस परत दिली, ही हकीकतहि त्यानेंच दिली आहे.

या साक्षीचे तुकडे वेगळे केले पाहिजेत. तरवार साताऱ्यास होती व पूजेंत होती, हें डफनें स्वतःच्या माहितीनें सांगितलें. त्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. औरंगजेबाच्या देणगीची हकीकत ही त्याच्या काळच्या घराण्यांतील परंपरा होय. तिचें मोल परंपरेइतकें. पातें जिनोव्याचें, हा तिसरा तुकडा मात्र साक्षहि नव्हे आणि परंपराहि नव्हे. तो एका इंग्रज लष्करी गृहस्थाचा अभिप्राय आहे. तो कशावरून बनला, पात्यावर कांहीं ठसा होता काय, असल्यास कोणता, हें त्या वाक्यांत नाहीं. शस्त्र पाहून शिपायानें दिलेली ती शाबासकी आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज मनुष्य चांगल्या युरोपी पात्यास जिनोव्याचें किंवा टोलेडोचें म्हणे, तें पुष्कळदां आपण उत्तम शालूस पैठणी म्हणावें त्याच अर्थानें. तो माल पैठणच्या मागावर निघाला कीं येवल्याच्या, हा त्याच्यापुढें प्रश्नच नसे.

आणि ठसा असता तरी काय झालें असतें? जिनोव्याची खूण म्हणून जी प्रसिद्ध आहे ती समोरासमोर मांडलेल्या दोन दातेरी कोयत्यांसारखी असते. उत्तर इटलींतील पात्यांवर ती असे खरी. परंतु मालास भाव येतो असें दिसतांच तीच खूण ऑस्ट्रियांतील स्टिरिया प्रांताच्या लोहारांनीं मारली, काकेशस पर्वतांतील कारागिरांनीं मारली, व हिंदुस्थानांतील कारागिरांनींहि मारली. तिचे दाते कोठें सरळ, कोठें वांकडे, कोठें मोजकेच, एवढाच फरक. जर्मनींतील झोलिंगेन गांवच्या पात्यांवर धांवत्या लांडग्याची आकृति असते; ती मूळ पासाऊच्या लोहारांची. झोलिंगेनवाल्यांनीं ती उचलली, आणि टोलेडोच्या नामांकित कारागिरांचीं नांवेंहि आपल्या पात्यांवर घातलीं. स्कॉटलंडांत शेंकडों तरवारींवर आंद्रेआ फेरारा हें नांव आढळतें. हा सोळाव्या शतकांतील इटालियन कारागीर. त्याच्या नांवाचीं पातीं पुढें दीडदोनशें वर्षें झोलिंगेनच्या भट्ट्यांतून निघत राहिलीं. पूर्वेकडेहि तोच प्रकार. इस्पहानच्या असदुल्लाचें नांव असलेलीं पातीं आपल्या संग्रहांतून अनेक आहेत. त्यांवरील साल व शिक्के एकत्र मांडल्यास असदुल्लास मनुष्याच्या आयुष्याहून फार मोठें आयुष्य द्यावें लागतें. एका माणसाचें नांव पुढें उत्तम पोलादाचें नांव झालें, असाच त्याचा अर्थ.

मराठींतील फिरंग हा शब्द या दृष्टीनें अधिक प्रामाणिक आहे. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखाचें लांब, सरळ पातें. त्यांत गांवाचा दावा नाहीं, लोहाराचाहि नाहीं. असलीं पातीं पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून उतरत व घांट चढून वर येत. वर आल्यावर त्यांस आपल्याकडील मूठ बसे. तळहातामागचा पोलादी परज, गोल गादी, गादीच्या वर निघालेला गज (दोन्ही हातांनीं वार करतांना दुसऱ्या हातास धरावयास तो उपयोगी पडतो), आणि लवचिक परदेशी पात्यास मुठीपाशीं बळकटी यावी म्हणून त्याच्या अंगावर खिळवलेल्या पोलादी पट्ट्या, हें सर्व काम इकडचें. पातें मुठींत रिव्हेटानें पक्कें केलेलें नसे; मुठीच्या पोकळींत तापवलेली लाख-राळ भरून तींत पात्याचें शेपूट रोवीत. पुन्हां तापविली कीं राळ विरघळे व पातें सुटे. म्हणजे एका पिढींत एका मुठींत असलेलें पातें दुसऱ्या पिढींत दुसऱ्या मुठींत जाणें ही नित्याची गोष्ट होती. अशा शस्त्रास एकच कर्ता धरून चालणें म्हणजे वाड्यास एकच गवंडी धरण्यासारखें आहे.

येथें बंदुकीचा दाखला घेणें सोयीचें होईल. तो वरवर दूरचा वाटेल. परंतु दक्षिण महाराष्ट्रांतील जुन्या जहागीरदार घराण्यांच्या भिंतींवर तरवारीच्या शेजारीं शिकारी रायफल टांगलेली असते, आणि कर्त्याचा प्रश्न रायफलीच्या बाबतींत कसा सोडवितात हें पाहिल्यावर तरवारीच्या बाबतींत आपण काय सोडून देतों तें स्पष्ट होतें.

समजा, सांगलीकडील एखाद्या वाड्यांत मागणी देऊन मुद्दाम बांधवून घेतलेली एक जुनी रायफल आहे. नळीवर कलकत्त्याच्या एका पेढीचें नांव सुबक अक्षरांत कोरलेलें आहे. दुसरें नांव कोठेंहि नाहीं. नवखा संग्राहक यादींत कर्त्याच्या रकान्यांत त्या पेढीचें नांव लिहून मोकळा होतो. वस्तुतः कलकत्त्याच्या रॉडा किंवा मँटन यांसारख्या पेढ्यांच्या नांवानें विकलेल्या पुष्कळ बंदुका विलायतेंत तयार होऊन येत. बर्मिंगहॅमचा तर सारा धंदाच वांटलेला होता: नळी एकानें ओढावी, चापाची कळ दुसऱ्यानें घासावी, अक्रोडाचा दस्ता तिसऱ्यानें बसवावा, नक्षी चौथ्यानें कोरावी, आणि नांव पैसे देणाऱ्याचें पडावें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तर आणखी एक भर पडली. नामांकित इंग्रज कारखान्यांच्या रायफलींत खटक्याची यंत्रणा पुष्कळदां जर्मनींतील ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याची असे. नांव लंडनचें, यंत्र जर्मनीचें, लांकूड तिसऱ्याच देशाचें.

म्हणून जाणता परीक्षक नांवाकडे शेवटीं पाहतो. तो प्रथम नळी दस्त्यापासून सोडवितो आणि तिच्या पोटाखालीं, एरव्हीं कोणास न दिसणाऱ्या जागेवर, ठसे वाचतो. इंग्लंडांत नळी विकण्यापूर्वीं अधिक दारू भरून ती परखावी लागे, आणि परखणाऱ्यांचा ठसा तिजवर पडे. लंडनच्या बंदूककारांच्या श्रेणीस इ. स. १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह इ. स. १८१३ चें. लंडनचा ठसा मुकुटाखालीं गुंफलेल्या जी. पी. अक्षरांचा, बर्मिंगहॅमचा जुना ठसा मुकुटाखालीं फुलीसारख्या दोन राजदंडांचा, बी. पी. सी. अक्षरांसह. तो इ. स. १९०४ त बदलला, म्हणून जुना ठसा असल्यास नळी त्याच्या अलीकडची नव्हे. बेल्जममधील लीज गांवचा ठसा लंबवर्तुळांतील ई. एल. जी. या अक्षरांनीं ओळखावा. काडतुसाचें मापहि बोलतें. इ. स. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानांत ·४५० मापाच्या काडतुसांस बंदी झाली, व तिच्यामुळेंच ·४६५, ·४७० इत्यादि नवीं मापें निघालीं; तेव्हां ·४७० ची दुनळी रायफल राणीच्या राज्यांतील म्हणून कोणी दाखविल्यास ऐकून घ्यावें आणि पुढें चालावें. यानंतर क्रमांक. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टले रिचर्ड्स यांच्या जुन्या विक्रीच्या वह्या राहिल्या आहेत, आणि क्रमांक जुळला तर बांधणीचें साल व मागणी देणाराचें नांव त्यांत सांपडूं शकतें. नळीच्या तळाशीं कधीं कधीं नळी ओढणाराचीं आद्याक्षरें असतात. दस्त्याच्या आंतल्या बाजूस, लांकडांत, पेन्सिलीची खूणहि मिळते.

या सर्व खटाटोपाचें फळ काय? फार तर इतकें कीं, नळी अमक्या गांवीं अमक्या सालांच्या दरम्यान परखली, यंत्र अमक्या कारखान्याचें, व विक्री अमक्या पेढीची. कर्ता म्हणून एक नांव हातीं येईलच असें नाहीं. परंतु जें हातीं येतें तें पक्कें असतें, आणि प्रत्येक भागापुढें त्याचा त्याचा पुरावा मांडतां येतो. जेथें कायद्यानें मारलेला ठसा आहे, अनुक्रमांक आहे, वही आहे, तेथें ही सावधगिरी. आणि जेथें यांपैकीं कांहींच नाहीं त्या तरवारीच्या बाबतींत मात्र एका शब्दावर समाधान! रायफलीवरील पेढीचें नांव कर्त्याचें मानणाऱ्या नवख्यास आपण हंसतों. तरवारीवरील अक्षरांस कर्त्याचीं मानणारांस मात्र विद्वान् म्हणतों.

आतां साताऱ्याच्या तरवारीवर जो लेख आहे त्याकडे वळूं. त्यांत सरकार राजमंडल, राजा शाहू, कदीम व अव्वल हे शब्द आहेत. यांत घडविणाराचें नांव नाहीं, गांवाचें नाहीं, सालहि नाहीं. पहिल्या वादांत हा लेख दोन्ही पक्षांनीं वापरला आहे: एक पक्ष म्हणतो, शाहूचें नांव आहे म्हणून ती शिवाजी महाराजांची नव्हे, दुसरा म्हणतो, कदीम म्हणजे जुनी, पूर्वापार, म्हणून ती महाराजांचीच. दोघेहि लेखास त्याच्या शक्तीबाहेर राबवितात. आम्हांस हा लेख शिलेखान्याच्या नोंदीसारखा वाटतो. हत्यार सरकारी आहे, खाजगी नव्हे. तें जुन्या सांठ्यांतील आहे, नवीन खरेदीचें नव्हे. आणि तें पहिल्या प्रतीचें आहे. जमिनीची प्रत लावतांना अव्वल, दूम, सीम म्हणण्याची आपल्या दफ्तरांची रीत होतीच. हत्यारांची प्रत त्याच शब्दांनीं लावणें कारकुनास सहज सुचावें.

अव्वल या शब्दाचा दुसराहि एक अन्वय होतो, आणि तो आजवर दुर्लक्षिला गेला असेल तर येथें मांडून ठेवणें बरें. साताऱ्याच्या गादीवर शाहू नांवाचे दोन राजे झाले. थोरले शाहू इ. स. १७०८ पासून १७४९ पर्यंत. धाकटे शाहू, प्रतापसिंह महाराजांचे वडील, इ. स. १७७७ पासून १८०८ पर्यंत. अव्वल हें विशेषण हत्याराचें न मानतां राजाचें मानलें, तर राजा शाहू अव्वल म्हणजे पहिले शाहू असा अर्थ निघतो; आणि पहिले असें म्हणण्याची गरज दुसरे झाल्यावरच पडते. तसें असेल तर लेख इ. स. १७७७ च्या अलीकडे कोरलेला ठरेल. हा अन्वय आम्हांस पहिल्यापेक्षां कमी सुसंगत वाटतो, कारण कदीम व अव्वल हे दोन शब्द शेजारीं आले असतां एकाच वस्तूचीं विशेषणें असणें स्वाभाविक आहे. परंतु कोणताहि अन्वय घेतला तरी लेख मालकाचा व कोठाराचा आहे, भट्टीचा नाहीं. पातें किती जुनें याविषयीं तो एवढेंच सांगतो कीं, कोरण्याच्या दिवशीं तें जुनें मानलें जात होतें.

कोल्हापूरकरांच्या तरवारीस हेंच अधिक जोरानें लागू आहे. इंग्लंडचा युवराज (पुढें सातवा एडवर्ड) इ. स. १८७५-७६ सालीं हिंदुस्थानांत आला, त्या वेळीं कोल्हापूरचे अल्पवयी छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांजकडून जी तरवार त्यास नजर झाली ती राजघराण्याच्या संग्रहांत आहे. तिला जगदंबा म्हणतात. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतांना (१९८०-८२) ती परत मिळावी म्हणून खटपट झाली, ती सर्वांस ठाऊक आहे. तिचें पातें सरळ, युरोपी घाटाचें असून त्यावर आय. एच. एस. ही तीन अक्षरें तीन वेळां उठविलेलीं आहेत. मूठ रत्नजडित आहे. हीं अक्षरें पोर्तुगीज लोहाराची सही समजून, पातें गोव्याहून आलें, गोव्याहून तें कोंकणांतील सावंतांकडे गेलें व सावंतांकडून महाराजांकडे आलें, अशी सांखळी कांहींनीं जोडली आहे. पण हीं अक्षरें कोणाची सही नव्हेत. तो ख्रिस्ताच्या नांवाचा संक्षेप आहे. आपल्याकडे वहीच्या आरंभीं श्री घालावी तसा तो युरोपांतील लोहार पात्यावर घाली, आणि जर्मन, स्पॅनिश, इटालियन अशा सर्वच पात्यांवर तो मिळतो. श्री पाहून वहीच्या मालकाचें आडनांव सांगणारा ज्योतिषी आम्हांस अजून भेटलेला नाहीं.

वरील दोन्ही युक्तिवादांत दोष एकच आहे. साताऱ्याचे अभिमानी म्हणतात, भवानी जिनोवी होती. साताऱ्याची तरवार जिनोवी आहे. म्हणून हीच भवानी. पण भवानी जिनोवी होती हें कशावरून? डफनें साताऱ्याची तरवार पाहून तसें लिहिलें यावरून. म्हणजे जें सिद्ध करावयाचें तेंच आधारास घेतलें. कोल्हापूरचे अभिमानी परंपरेंतील सावंत घेतात, सावंतांवरून गोवें, गोव्यावरून पोर्तुगीज, आणि पोर्तुगिजांवरून तीन अक्षरें. यांत प्रत्येक कडी पुढच्या कडीस धरून आहे. भिंतींतल्या खुंटीस कोणतीच नाहीं. कर्त्याविषयींचें अज्ञान एका परदेशी नांवानें झांकलें, आणि मग त्या नांवाच्या बळावर मालक ठरविला. या रीतीनें कोणतेंहि फिरंगी पातें कोणाचेंहि करतां येईल.

कर्त्याचा लेख व मालकाचा लेख एकाच वस्तूवर कसे नांदतात, हें पाहावयाचें असेल तर सांगलीहून दूर जावयास नको. विजापूरची मुलुख-इ-मैदान तोफ इ. स. १५४९ सालीं अहमदनगर येथें ओतली गेली, व ती महंमद बिन हुसेन रूमी याचें काम असल्याचें तिजवरच लिहिलें आहे. पुढें औरंगजेबानें विजापूर घेतल्यावर आपल्या विजयाचा लेख त्याच तोफेवर कोरविला. दोन्ही लेख शाबूत आहेत म्हणून घोटाळा होत नाहीं. ओतणाराचा लेख झिजला असता तर ती आलमगिराची तोफ म्हणून पुस्तकांतून मिरवली असती, आणि रूमीचें नांव कोणास ठाऊकहि नसतें. तरवारींच्या बाबतींत नेमकें तेंच झालें आहे. मालकाची अक्षरें राहिलीं, आणि घडविणाराचीं मुळांतच नव्हतीं. तोफ ओतणारा दरबारचा मानकरी असे; तरवार घडविणारा बहुधा नसे.

वाघनखांचाहि उल्लेख येथें करणें प्राप्त आहे, कारण तीं इ. स. २०२४ च्या जुलैमध्यें साताऱ्याच्या संग्रहालयांत दर्शनास ठेवलीं तेव्हां हाच प्रश्न पुन्हां निघाला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील तीं वाघनखें ग्रँट डफच्या वंशजाकडून आलेलीं. त्यांचा संबंध अफजलखानाच्या वधाशीं जोडणारा मजकूर पेटीवर आहे, आणि ती पेटी वाघनखें स्कॉटलंडांत गेल्यानंतर बनविलेली आहे. तीं महाराजांनीं वापरलेलीं कीं काय हें पडताळून पाहतां येत नाहीं, असें खुद्द त्या संग्रहालयाचें म्हणणें आहे. याहून अधिक त्याविषयीं लिहिण्याचें कारण दिसत नाहीं.

मग साताऱ्याच्या तरवारीचा घडविणारा कोण? आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न निदान चार ठिकाणीं विभागून विचारला पाहिजे: पोलाद कोठलें, पातें कोणत्या घाटाचें, मूठ कोणाची, आणि धार व झिलई कोणाची. पहिल्या दोहोंचें उत्तर परदेशांत असूं शकेल, आणि तेथें आतां पात्यास इजा न करतां पोलादाची परीक्षा करण्याचीं साधनें आहेत. मुशींत आटवलेलें हिंदी पोलाद आणि युरोपी भट्टीचें पोलाद यांचा आंतील पोत निराळा असतो. त्यावरून देश कळेल. लोहार कळणार नाहीं. उरलेल्या दोहोंचें उत्तर मात्र येथेंच, साताऱ्या-मिरजेच्या गल्ल्यांत आणि दफ्तरांत शोधिलें पाहिजे, आणि तेथें शोध जवळजवळ झालेलाच नाहीं. परदेशी नांवाची इतकी भूल पडली कीं, ज्याच्या हातांनीं तें पातें मराठी तरवार झाली तो मनुष्य कोणी विचारांतच घेतला नाहीं.

मिरजेचें उदाहरण येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. तेथील सतार-तंबोरे आज देशभर प्रसिद्ध आहेत, व इ. स. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार व झिलई देणारे. मराठी राज्य गेल्यावर हत्यारांचें काम बसलें, आणि इ. स. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यांच्या दुरुस्तींत व पुढें बांधणींत हात घातला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्यास मिळाला. आज गवई तंबोरा घ्यावयास मिरजेस येतो तो घराण्याचें नांव विचारीत येतो. त्याच घराण्यांच्या पूर्वजांनीं ज्या तरवारींस धार दिली त्यांवर त्यांचें नांव नाहीं, आणि तें कोणीं विचारलेंहि नाहीं. भोपळ्यास कर्ता मिळाला, पोलादास मिळाला नाहीं.

नांवें अगदींच हरवलीं असतील असें मानण्याचें कारण नाहीं. अठरा कारखान्यांत शिलेखाना हा एक. आणि जेथें कारखाना तेथें जमाखर्च आलाच. पटवर्धनी दफ्तरांतील राजकारणाचे कागद मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं ऐतिहासिक लेखसंग्रहांत जन्मभर खपून छापले. त्यांचे उपकार फिटणारे नाहींत. परंतु लढाया व वकिलांचीं पत्रें हीं त्यांचीं निवड होती, आणि ती योग्यच होती. शिकलगाराचा रोजमुरा, राळेचे पैसे, परज बदलल्याची मजुरी, असल्या बाबींस त्या योजनेंत जागा नव्हती. साताऱ्याकडील पारसनीसांचा संग्रह इ. स. १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. या दोन्ही ठिकाणीं, आणि खाजगी वाड्यांतील रुमालांत, शिलेखान्याच्या बाबी म्हणून कोणी मुद्दाम पाहील तर नांवें सांपडण्याची आशा धरतां येते. ज्याच्या हातीं असा कागद येईल त्यानें तो क्षुल्लक म्हणून बाजूस ठेवूं नये.

संग्राहकांस एक विनंति आहे, आणि ती जराशी कळवळ्यानें केली आहे. जुनी तरवार हातीं येतांच ती झळाळून काढण्याचा हव्यास अलीकडे फार दिसतो. आम्लानें पुसून, यंत्रावर घासून पातें आरशासारखें करितात. ढिली झालेली मूठ उकळत्या पाण्यांत धरून जुनी राळ काढून टाकतात आणि बाजारांतला चिकट मसाला भरतात. गंज काढतांना खजिन्यावरची, म्हणजे मुठीजवळच्या न घासलेल्या जागेवरची, पुसट खूणहि जाते. राळेंत कापसाची बोळी, कागदाचा कपटा किंवा जुन्या पात्याच्या शेपटाचा ठसा असूं शकतो. तो एकदां पाण्यांत गेला कीं गेला. रायफलीचा दस्ता पुन्हां पॉलिश करितांना आंतील पेन्सिलीची खूण घालविणारा आणि तरवारीची राळ ओतून देणारा, दोघेहि कर्त्याची सही पुसतात. विकतांना मात्र दोघेहि मोठें नांव सांगतात. घासण्यापूर्वीं खजिन्याचा व पाठीचा कागदावर ठसा घ्यावा, आणि मूठ हलत असल्यास हलूं द्यावी.

साताऱ्याच्या तरवारीपुरतें बोलावयाचें तर ती पूजेची वस्तु आहे. तिची मूठ उतरविण्याची गोष्ट कोणी काढूं नये, व तिची गरजहि नाहीं. मुठीशीं व मध्यावर पात्याची रुंदी, पाठीची जाडी टोंकाकडे कशी उतरते तें, नाळी किती व कोठवर जातात, खिळवलेल्या पट्ट्यांची लांबी व खिळ्यांची संख्या, गादीचा व्यास, परजाचें वळण, आणि लेखाच्या अक्षरांची उंची व त्यांचा खोलपणा, एवढीं मापें एका सकाळच्या कामानें मिळतील. लेख पातें घासण्यापूर्वीं कोरला कीं मागून, हें अक्षरांच्या कडा भिंगाखालीं पाहिल्यास बहुधा समजेल. तींच मापें लंडनच्या तरवारीचीं व एखाद्या निनांवी फिरंगीचीं शेजारीं मांडून छापावीं.